हात न लावलेला फोन

माझी मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि तिला लिनक्सचा फोन देण्याचा शहाणपणा मी केला. दोन्ही गोष्टी एका दमात सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात दोहोंचा सारखाच हात आहे. फोन दुसऱ्या कोणाला दिला असता तर दोन दिवसांत शिव्या खाऊन परत आला असता, आणि मीही सुटलो असतो.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करतो. वय त्रेपन्न. संसार झाला आणि मोडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळाची बैठक असते. मंडळ लिनक्सवाल्यांचं. सभासद सात, त्यातले तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर मी सुरू झालो की थांबत नाही असा माझा लौकिक आहे. संगणक आत ज्याच्या जोरावर चालतो ती ही व्यवस्था, पण कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. ज्याला जमेल त्याने उघडून बघावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. अलीकडे ती घातलेले फोनही मिळायला लागलेत. तर गेल्या वर्षी मंडळात वाद पेटला की असा फोन तंत्रातलं काही न कळणाऱ्या साध्या माणसाला चालेल का. वाद मिटेना, तेव्हा ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरातलं एक साधं माणूस पकडायचं, त्याला सहा महिने फोन वापरायला द्यायचा आणि शेवटी एक पानाचा अहवाल लिहायचा. बाकीच्यांच्या घरच्यांनी हात जोडले. मला घरचं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे मावशी.

मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही. माझी आई तिची थोरली बहीण. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. खिडकी मागच्या बाजूला, समोर एका लाँड्रीची भिंत, त्या भिंतीतून दिवसभर वाफेचा पाइप फुसफुसतो. खिडकीपाशी टेबल, टेबलाशी ताठ पाठीची लाकडी खुर्ची, टेबलावर चौघडी रुमाल आणि त्यावर फोन. शेजारी तासून ठेवलेली पेन्सिल आणि लांबोडकी वही. भिंतीवरचं घड्याळ ती रोज रेडिओवर मिळवते. नोकरी सुटून चौदा वर्षं झाली, तरी ते टेबल म्हणजे तिची ड्यूटीची जागा आहे, आणि तिथे बसून ती कधी चहासुद्धा पीत नाही.

पहिला स्मार्टफोन तिला मीच दिला होता. घरातली जुनी लाइन कुठेतरी खोदकामात तुटली, जोडायला कोणी फिरकेना, म्हणून दिला. तो तिने वर्षभर वापरला आणि एक दिवस माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हा ऐकतो."

"कोण ऐकतो?"

"हा. काल मी गुडघ्याबद्दल बोलले, आज यावर गुडघ्याचे पट्टे. दोनदा झालं. आम्ही दोन माणसं जोडून दिली की कान काढून घ्यायचो. साहेब बोलोत नाहीतर मंत्री बोलोत, जोडणीच्या बोर्डावरची किल्ली वर केली की आपला कान बाहेर. एकतीस वर्षांत मी कोणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही. आणि हा माझ्याच घरात बसून माझं ऐकतो."

मी तिला समजावू शकलो असतो की फोन तसा शब्दशः ऐकत असेल असं नाही, पट्टे दाखवायचे इतरही मार्ग असतात. समजावलं नाही. मला आयतं गिऱ्हाईक चालून आलं होतं. मी म्हटलं, "न ऐकणारा फोन आहे माझ्याकडे." ती म्हणाली, "मग इतके दिवस लपवून का ठेवलास, भाचेबुवा?"

आता पलीकडचीबद्दल सांगायला हवं, कारण मावशीच्या आयुष्यात फोन होता तो तिच्यासाठी.

जुन्या काळी लांबच्या गावी कॉल लावायचा तर इथल्या ऑपरेटरने तिथल्या ऑपरेटरला आधी गाठायचं आणि मग दोघींनी मिळून लाइन जोडायची. मावशीच्या एका लाइनीच्या दुसऱ्या टोकाला बावीस वर्षं एकच बाई बसत होती. मावशी तिला 'पलीकडची' म्हणे, आणि तीही मावशीला 'पलीकडची'च म्हणे. खरी नावं दोघींना ठाऊक होती, पण ती कधी तोंडात आली नाहीत. गिऱ्हाइकाचा नंबर लागेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट मिळायचं, तेवढ्यात जे बोलणं होईल ते. अर्ध्या-अर्ध्या मिनिटांनी बावीस वर्षांत पुष्कळ साठतं. एकीच्या दाढेचं दुखणं, दुसरीच्या भावाचं लग्न, एकीची बदली टळली, दुसरीची आई गेली. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेले, दोघींना कारकुनीत बसवलं, आणि यथावकाश दोघी घरी बसल्या. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही.

घरी बसल्यापासून दर बुधवारी चार वाजता त्या फोनवर बोलत. एक बुधवार हिची पाळी, पुढचा बुधवार तिची. जिची पाळी तिनेच नंबर लावायचा, दुसरीने फोनला बोट लावायचं नाही. का, तर दोघींनी एकदम लावला तर दोघींना एंगेज लागतो, आणि दोघींना वाटतं की समोरची तिसऱ्याच कोणाशी बोलतेय. हा नियम त्यांनी बोर्डावर असताना घातला होता आणि तो चौदा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पलीकडचीचा पाय मोडला तेव्हा तिने हॉस्पिटलातल्या खाटेवरून पाळी पूर्ण केली. मावशीला ताप भरला होता तेव्हा मी शेजारी ओल्या पट्ट्या घेऊन बसलो होतो आणि ही बरोबर चारला नंबर लावत होती. पाळी नसताना फोन करणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसरीच्या बोर्डात हात घालणं.

तर फोन दिला. मी तीन दिवस तिच्याकडे जाऊन शिकवलं. मला वाटलं होतं ती गोंधळेल, पण तिने माझाच पाणउतारा केला. कुठलं बटण कुठे, ते तिने कागदावर बोर्डासारखं मांडून घेतलं आणि पाठ केलं. जे नव्हतं त्याची तक्रार केली नाही. फोटो धुरकट यायचे; म्हणाली, मला कोणाचे काढायचेत. बँकेचं ॲप चालत नव्हतं. ती पासबुक घेऊन पायी जाऊ लागली. सगळं जग ज्यावर निरोप पाठवतं ते ॲपही नीट चालेना, त्यामुळे तिच्या जुन्या ऑफिसातल्या बायकांचा गट सुटला. "रोज सकाळी उठून फुलांची चित्रं बघण्यातून सुटका झाली," असं ती हसून म्हणाली. महिन्याभराने मी सहज विचारलं, गटातल्या कोणी चौकशी केली का गं, कुठे गेलीस म्हणून? ती वहीत काहीतरी बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांना काय, चोवीस जणी आहेत त्या." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

रोज सकाळी दहाला चाचणी कॉल घ्यायचा, ही तिचीच अट. एक्स्चेंजमध्ये ड्यूटी सुरू झाली की आधी प्रत्येक लाइन तपासत. मी प्रयोगशाळेतून दहाच्या ठोक्याला फोन करायचा, ती उचलायची, म्हणायची "लाइन ठीक", आणि ठेवायची. मग वहीत बरोबरची खूण. बाकी एक शब्द नाही. मला आधी हसू यायचं. नंतर असं झालं की दिवसभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेले तेवढे दोनच शब्द असायचे, आणि रविवारीही मी दहाच्या आधी उठून बसू लागलो.

दुसऱ्या महिन्यात तिची पहिली तक्रार आली. बॅटरी. सकाळी भरलेली दुपारी तीनला संपायची. एरवी चाललं असतं, पण बुधवारी चारला फोन जिवंत हवा. "याला चार्जरला बांधून ठेवायचं तर भिंतीपाशी उभं राहून बोलावं लागतं, माझे गुडघे ऐकत नाहीत," ती म्हणाली. मी गेलो आणि एक सेटिंग लावून दिली: तीन मिनिटं कोणी हात लावला नाही तर फोन गाढ झोपेल, बॅटरी वाचेल, आणि कॉल आला की आपोआप जागा होईल. हे शेवटचं मी ठासून सांगितलं. खात्रीसाठी फोन टेबलावर ठेवून तिच्यासमोरच कॉल लावला. वाजला. फोन अजून झोपलाच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंचवीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय मी.

त्याच्या पुढच्या बुधवारी मावशीची पाळी होती. तिने लावला, चाळीस मिनिटं बोलली. त्याच्या पुढचा बुधवार पलीकडचीचा. कॉल आला नाही.

मावशी मला हे तीन आठवडे बोलली नाही. चाचणीच्या फोनवर "लाइन ठीक" चालूच होतं. चौथ्या आठवड्यात मी तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ताट वाढता वाढता म्हणाली, "पलीकडचीचा येत नाही."

"गेली असेल कुठेतरी. आजारी असेल."

"आजारी असली तरी करते." मग म्हणाली, "मीच बोलले काहीतरी."

मी जेवायचा थांबलो. तिने सांगितलं ते असं. शेवटच्या बुधवारी पलीकडची म्हणाली होती की गाडीने पाच तासांचं तर अंतर आहे, एकदा येऊन जाते, बघू दे तरी कशी दिसतेस. आणि मावशी पटकन म्हणून गेली होती, "कशाला? आवाज आहे तेवढा पुरे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला भीती वाटली. ती येणार, जिना चढणार, या खोल्या बघणार. तिला वाटत असेल माझ्याकडे कोण कोण आहेत. मी काही खोटं सांगितलं नाही कधी. पण शेजारीण आली, अमुक आलं, असं सांगते ना आपण." ती आमटी ढवळत राहिली. "ती एवढ्याने रुसेल असं वाटलं नव्हतं."

"मग तूच लाव फोन आणि सांग."

"पाळी तिची आहे."

"मावशी, काय पाळी पाळी लावलीयस?"

"तिला बोलायचं नसेल तर? मी लावला तर तिला उचलावा लागेल. पाळी तिची ठेवली, तर तिला हवं तेव्हा ती करेल." मी पोळी मोडून घेतली आणि जेवत राहिलो.

असे नऊ बुधवार गेले. ती दर बुधवारी पावणेचारला टेबलाशी बसत होती, हे मला नंतर कळलं.

नवव्या बुधवारी कॉलेजातली वीज गेली आणि मी लवकर सुटलो. मावशीच्या गुडघ्याचं मलम संपलं असेल म्हणून औषधाच्या दुकानापाशी उभा राहून तिला फोन लावला. माझ्या कानात रिंग जात होती. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, एकटी, आणि फोन उचलत नाही. मी तीन जिने धावत चढलो आणि दार बडवलं.

दार तिनेच उघडलं, ओठांवर बोट ठेवून. "हळू. चार वाजतायत." आणि परत जाऊन खुर्चीत बसली. मी धापा टाकत दारात उभा. ती पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती. समोर रुमालावर फोन. ती त्याला हात लावत नव्हती. दुसरं कोणी असतं तर वाट बघताना चार वेळा फोन उचलून पाहिला असता, घड्याळ बघितलं असतं, उगाच बटण दाबलं असतं, आणि फोन जागा राहिला असता. पण कॉलची वाट बघताना लाइनीला हात लावायचा नाही, ही तिची एकतीस वर्षांची शिस्त.

"फोन का उचलत नाहीस?" मी विचारलं.

"आला कुठे?"

"तीनदा केला. आत्ता. खालून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिशातून माझा फोन काढला आणि तिच्यासमोर उभं राहून तिचा नंबर लावला. रिंग जाऊ लागली. मी आवाज मोठा करून तिला ऐकवला. ट्रिंग ट्रिंग माझ्या हातात चालू होतं आणि टेबलावरची काच काळी ती काळीच. आम्ही दोघं त्या काचेकडे बघत राहिलो. रिंग आपोआप बंद पडली. मी मग तिचा फोन उचलून जागा केला. आलेल्या कॉलच्या यादीत एकाचीही नोंद नव्हती, ना माझी, ना कोणाची. झोपेत असताना आलेला कॉल त्याच्या गावीच नव्हता.

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. सेटिंग मी लावली, तपासली ती अर्धवट. रोजच्या चाचणीतही हे कळलं नाही, कारण दहाला ती फोन हातात घेऊन तयारच बसायची. मी तिची बोलणी खायच्या तयारीत होतो. तिने माझं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली,

"म्हणजे तिने केला असेल."

"हो."

"दर बुधवारी केला असेल."

"असेल."

"बिचारी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. उठून तिने चहा टाकला. चहा होईपर्यंत ती सारखी बोलत होती, पलीकडची किती चिवट आहे, एकदा संपाच्या दिवसांत तिने एक लाइन सलग सहा तास कशी धरून ठेवली होती. नऊ आठवडे जिने स्वतःला बोल लावला होता, तिच्या मनावरचं ओझं माझ्या गाढवपणाने उतरलं. मी म्हटलं, मग आता लाव तिला, सांग फोन बिघडला होता. तर म्हणते, "पाळी तिचीच आहे की. आता दुरुस्त केलास ना? येईल."

"तिला वाटत असेल, मी नऊ वेळा पाळी केली, हीच उचलत नाही, आता हिने करावा. ती तिकडे वाट बघत बसली असेल," मी म्हटलं.

मावशीने यावर खरोखर विचार केला. "तशी वेळच कधी आली नाही आमच्यावर," ती म्हणाली. "उचलला नाही तर पाळी झाली धरायची की राहिली, ते आम्ही ठरवलंच नाही." मग मान हलवून म्हणाली, "पुढचा बुधवार बघू."

मी झोपेची सेटिंग काढून टाकली आणि दुकानातून लांब वायर आणून चार्जर टेबलापर्यंत पोचवला. पुढच्या बुधवारी रजा टाकून गेलो. फोन रुमालावर, दिवा लागलेला, टक्क जागा. चार वाजले. सव्वाचार. लाँड्रीचा पाइप फुसफुसत होता. पावणेपाचला मावशी म्हणाली, "सवय गेली असेल तिची," आणि उठली.

त्याच्या पुढच्या बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मावशी खुर्चीत पुढे सरकली. तिने उचलला आणि हॅलो म्हणाली, आणि समोरून एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज कसल्यातरी योजनेबद्दल सांगू लागला. मावशीने तो मध्येच तोडला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतला, मग फोन ठेवला आणि रुमालाच्या कडा सारख्या केल्या.

"भाचेबुवा," ती म्हणाली, "ते झोपेचं परत लाव."

"काय?"

"ते आधी होतं ना, झोपायचं. ते परत लाव यात."

"अगं, मग कॉल वाजणार नाही."

"माहितेय मला."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा आधी रागच आला. मी चिडका आहे, मंडळातल्या त्या न बोलणाऱ्या तिघांत एक मी आहे. मी म्हटलं, "म्हणजे तुला कळूनच घ्यायचं नाही? नुसतं बसून म्हणत राहायचं की ती करत असेल, फोनच बिघडलाय? इतकी वर्षं लोकांना नंबर जोडून दिलेस आणि स्वतःचा एक लावता येत नाही?"

मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटत होते. मावशी खुर्चीत सरळ होऊन बसली. तिने फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर एकेक आकडा दाबत लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदा, पाळी नसताना.

आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. रिंग जात होती. मावशी डाव्या हाताच्या बोटांवर पेरं मोजत होती, ऑपरेटर मोजतातच. आठ. नऊ. बारा झाल्या, आणि मग ती नेहमीची सूचना आली की आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत. मावशीने तीही पूर्ण ऐकली. फोन रुमालावर ठेवला, वही ओढली, तारीख घातली, वेळ घातली, आणि तिच्या गोल अक्षरात लिहिलं: नो रिप्लाय. पेन्सिल जागेवर ठेवली.

"पुन्हा लावू या," मी म्हटलं. "बाथरूममध्ये असेल."

"एकदाच लावायचा. मागे लागायचं नाही."

मग ती खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि काही वेळाने, मला धीर दिल्यासारखं म्हणाली,

"तिलाही असाच फोन दिला असेल. तिला एक पुतण्या आहे."

मी तिचा फोन हातात घेतला, सेटिंग उघडली आणि तीन मिनिटांची झोप परत लावून दिली. ती माझ्या बोटांकडे लक्ष ठेवून होती. झाल्यावर फोन तिने रुमालावर मधोमध ठेवला. दोन दिवसांनी तिच्या स्वयंपाकघरात मी साधा बटणांचा एक फोन नेऊन ठेवला, अडीअडचणीला. त्याचा नंबर माझ्याशिवाय कोणाकडे नाही. तो वाजला की मीच असतो, हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे ती चपला शोधत सावकाश येते.

मंडळाच्या अहवालात शेवटी एक प्रश्न होता: साध्या माणसाला हा फोन चालेल का? मी लिहिलं, चालणार नाही, येणारे कॉल बुडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी विचारलं, मग मावशीचा फोन परत आणलास का? मी म्हटलं, नाही, अजून तिच्याकडेच आहे.